बंदी कांद्याला, मत कोणाला?

२०२३ च्या डिसेंबरातल्या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. ३ डिसेंबरला मध्य प्रदेश, राजस्थान, छत्तीसगड आणि तेलंगण या राज्यांचे निकाल लागले. ७ डिसेंबरला केंद्र सरकारने एक अधिसूचना काढून कांद्याच्या निर्यातीवर ३१ मार्च २०२४ पर्यंत बंदी घातली. विधानसभांचे मतदान आटोपले होते, लोकसभेचे अजून चार-पाच महिन्यांवर होते. ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क बसले होते, ऑक्टोबरअखेरीस टनाला ८०० डॉलर हे किमान निर्यातमूल्य ठरले होते. तेवढ्याने शहरातला भाव उतरेना, म्हणून मग दारच बंद केले. या तारखांचा एकमेकींशी संबंध नाही असे सरकारी प्रवक्ता म्हणेल, आणि ते खोडून काढायला माझ्याकडे कागद नाही. पण कांद्याच्या बाबतीत दिल्लीचे कॅलेंडर आणि निवडणूक आयोगाचे कॅलेंडर इतक्या वेळा एकाच भिंतीवर टांगलेले दिसते की, योगायोग या शब्दावर फार भार पडतो.

या भीतीचे मूळ जुने आहे. १९८० च्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधींनी महागलेल्या कांद्याचा प्रचारात पुरेपूर उपयोग केला आणि त्या सत्तेवर परतल्या. १९९८ च्या नोव्हेंबरात दिल्लीत भाजपची सत्ता गेली. निवडणूक दीड महिन्यावर असताना सुषमा स्वराज यांना मुख्यमंत्री करूनही ती वाचली नाही. त्या वेळी कांदा किलोला चाळीस-पन्नास रुपयांवर गेला होता. तेव्हापासून ‘कांदा सरकारे पाडतो’ हे राजकारणातले सुभाषितच झाले. मला ते कधी पुरते पटलेले नाही. त्याच महिन्यात, त्याच महाग कांद्याच्या साक्षीने, मध्य प्रदेशात दिग्विजय सिंह यांनी आपली सत्ता राखली होती. म्हणजे मतदाराने कांद्याचे बिल फाडले खरे, पण ते केंद्रात बसलेल्या पक्षाच्या नावाने. राजकीय पक्षांनी मात्र यातून एकच धडा घेतला : गिऱ्हाईक रडता कामा नये. २०१९ च्या सप्टेंबरअखेरीस निर्यातबंदी आली ती महाराष्ट्राच्या मतदानाला तीन आठवडे असताना. २०२० च्या सप्टेंबरात आली, तेव्हा बिहारची निवडणूक तोंडावर होती.

हा उपाय राज्यकर्त्यांना प्रिय का, हे समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. अंदाजपत्रकात तरतूद नको, संसदेत विधेयक नको, तिजोरीतून दमडी जात नाही. एका रात्रीत हुकूम निघतो आणि सकाळच्या लिलावात त्याचा परिणाम दिसतो. आमच्या चार माणसांच्या घरात महिन्याला पाचेक किलो कांदा लागतो. तीसचा कांदा साठ रुपये झाला तर दीडशे रुपये जास्त जातात. हातावर पोट असलेल्या घराला दीडशे रुपये जड आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आमच्यासारख्यांच्या घरी तेवढे एका रविवारी बाहेरच्या खाण्यात जातात आणि त्यावर कोणी मोर्चा काढत नाही. २०१२ हे पायाभूत वर्ष असलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात कांद्याचा वाटा एक टक्काही नव्हता. त्या मानाने त्याचा राजकीय वाटा पाहा!

दीडशे रुपयांची ही सवलत आम्हाला कोण देत होते? आम्ही मंडईत उभे राहून हा प्रश्न विचारत नाही, आणि विचारत नाही म्हणून धोरण चालते.

७ डिसेंबरच्या हुकुमाने मारला गेला तो लाल कांदा. वाचकांपैकी ज्यांचे शेतीशी नाते तुटून दोन पिढ्या झाल्या, त्यांच्यासाठी थोडा खुलासा केला पाहिजे. चैत्राच्या सुमारास निघणारा उन्हाळ कांदा टिकाऊ असतो. शेतकरी तो चाळीत भरून दिवाळीपर्यंत थोडा थोडा काढतो. भाव पडला तर थांबण्याची त्याला निदान सोय असते. हिवाळ्यात येणारा लाल कांदा पाणीदार, त्याला साठवण मानवत नाही. शेतातून काढला की ट्रॉलीत भरायचा, बाजार समितीत न्यायचा आणि पुकारला जाईल त्या भावाला द्यायचा. बंदी नेमकी या कांद्याच्या हंगामात आली. लासलगावला काही दिवसांतच भाव जवळपास निम्म्यावर आला. मजुरी, खते, औषधे यांचा खर्च कमी झालेला नव्हता. त्याच वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये भाव कोसळले होते, तेव्हा राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर करून वेळ मारून नेली होती. भाव पडला की तो बाजाराचा नियम आणि चढला की राष्ट्रीय संकट, हा न्याय ज्याच्या वाट्याला येतो त्याला तो तोंडपाठ असतो.

तरीही मला असे वाटते की, नुसत्या नुकसानीने नाशिकचा शेतकरी एवढा पेटला नसता. तोट्याची त्याला सवय आहे. पुढे जे घडले ते त्याला झोंबले. ३१ मार्चला बंदी संपेल या आशेवर उन्हाळ कांदा काढणीला आला, तोच २२ मार्चला बंदी पुढील आदेशापर्यंत वाढवली गेली. मग एप्रिलच्या अखेरीस, प्रचार ऐन भरात असताना, गुजरातचा दोन हजार टन पांढरा कांदा बाहेर पाठवण्यास परवानगी मिळाली. देशात सर्वाधिक कांदा पिकवणाऱ्या महाराष्ट्राचा लाल कांदा अडवलेला आणि शेजारच्या राज्याचा पांढरा मोकळा! दोन हजार टन म्हणजे काही फार नव्हे. पण पंगतीत एकाच्या पानात वाढून दुसऱ्याला वगळले की, वाढलेली भाजी किती होती हे कोणी विचारत नाही. आरडाओरड झाल्यावर दोनच दिवसांनी सहा देशांसाठी ९९,१५० टनांची घोषणा झाली. ते आकडे पूर्वी दिलेल्या परवानग्यांची बेरीज होती हे उघड झाल्यावर चीड आणखी वाढली.

४ मे रोजी बंदी उठली, ती टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि वर ४० टक्के शुल्क ठेवून. डॉलर ८३ रुपयांचा धरला तर किलोला सुमारे ४६ रुपये, त्यावर १८ रुपये शुल्क. म्हणजे वाहतूक धरण्यापूर्वीच ६४ रुपये. या भावाने दुबईच्या व्यापाऱ्याने आपला कांदा घ्यावा आणि पाकिस्तानचा सोडावा, ही अपेक्षा होती. दार उघडले, पण उंबरा छातीएवढा ठेवला. १५ मे रोजी पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांच्या सभेत एका तरुणाने उठून कांद्यावर बोलण्याची मागणी केली, आणि २० मे रोजी मतदान झाले.

दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांचा भास्कर भगरे या शिक्षकाने एक लाख तेरा हजारांनी पराभव केला. तेसुद्धा भगरे हेच आडनाव आणि ‘तुतारी’ हे चिन्ह असलेल्या एका अपक्षाने एक लाखाहून अधिक मते खाल्ली असताना. नाशिकची जागा गेली, नगर आणि शिर्डीही गेली. नंतर महायुतीच्या नेत्यांनीच कांद्याने रडवल्याची कबुली दिली. मात्र सगळे माप कांद्याच्या पदरात घालू नये. मराठा आरक्षणाचा प्रश्न होता, पक्षफुटीचा राग होता, संविधानाची चर्चा होती. धुळ्याचा निकाल तर मालेगाव मध्यच्या मतांनी फिरवला. पण कापूस आणि केळीच्या पट्ट्यातले जळगाव आणि रावेर भाजपने राखले, हे लक्षात घेतले की कांद्याचा वाटा निव्वळ दंतकथा म्हणता येत नाही.

इथे मला अमेरिकेची आठवण येते, कारण तिथे नेमके उलटे झाले. २०१८ मध्ये ट्रम्प यांनी पोलाद, अ‍ॅल्युमिनियम आणि चिनी मालावर आयातशुल्क लादले. चीनने उत्तरादाखल अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के शुल्क बसवले. आयोवासारख्या राज्यांतला शेतकरी थेट माराखाली आला. सरकारने त्यांच्यासाठी दोन वर्षांत २८ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली. डेव्हिड ऑटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये या व्यापारयुद्धाचा हिशेब मांडला. शुल्काने संरक्षण दिलेल्या उद्योगांत रोजगार वाढला नाही, चीनच्या प्रत्युत्तराने शेतीतला रोजगार घटला आणि मदतीने ती भरपाई अर्धवटच झाली. तरीही जिथे संरक्षण मिळाले तिथे २०२० मध्ये ट्रम्प यांची मते वाढली. आयोवाही त्यांच्याकडेच राहिला, २०२० मध्ये आणि २०२४ मध्येही.

हा फरक पैशाचा नाही. अमेरिकेतल्या मतदाराला सांगितले गेले की ही लढाई चीनशी आहे आणि ती तुझ्यासाठी आहे. झळ सोसलीस तर सैनिक म्हणून सोसलीस. निफाड-चांदवडच्या शेतकऱ्याला कोणी असे काही सांगितले नाही. सांगण्यासारखे काही नव्हतेही. त्याच्याविरुद्ध कोणी परका उभा नव्हता, त्याचाच देशबांधव मंडईत पिशवी घेऊन उभा होता. त्याग त्याच्याकडून मागितला गेला नाही, परस्पर कापून घेतला गेला.

मग नोव्हेंबर २०२४ चे काय? लोकसभेनंतर सहा महिन्यांत महायुतीने विधानसभेच्या २८८ पैकी २३० जागा जिंकल्या आणि नाशिक जिल्ह्यातल्या पंधरापैकी चौदा. शेतकरी विसराळू, असे म्हणणारे पुष्कळ भेटले. मला तसे वाटत नाही. मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या होत्या. १३ सप्टेंबरला किमान निर्यातमूल्य रद्द झाले, शुल्क २० टक्क्यांवर आले आणि चाळीत राखलेल्या कांद्याला क्विंटलला चार हजारांच्या घरात भाव मिळू लागला. आणि ऑगस्टपासून त्याच शेतकऱ्याच्या घरातल्या बाईच्या खात्यात महिना दीड हजार रुपये जमा होत होते. मे महिन्यात ज्याच्यावर राग काढायचा होता तो काढून झाला होता. नोव्हेंबरात घरात दोन मते होती आणि दुसरे मत कांद्याच्या चाळीतून आलेले नव्हते. सत्ताधाऱ्यांना यातून काय उमगले असेल? बंदीचा अधिकार हातचा सोडण्याची गरज नाही, मतदानापूर्वी भरपाई दुसऱ्या दाराने पोचवली की पुरते. सोयाबीनवाल्या अमेरिकेलाही हे आधीच कळले होते.

उरलेले २० टक्के शुल्क १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले. मागणी रास्तच होती, पण तोवर उन्हाळ कांद्याची आवक सुरू होऊन भाव घसरू लागले होते आणि बाहेरच्या गिऱ्हाइकांनी आपली सोय दुसरीकडे पाहिली होती. बांगलादेश हा आपला मोठा खरेदीदार, पण आपल्या बंद्यांच्या अनुभवाने शहाणा होऊन तो इतर देशांकडे वळला आणि स्वतःचे पीक वाढवू लागला. त्या वर्षी उन्हाळ कांद्याला अपेक्षित भाव मिळाला नाही. निर्यात पूर्ण मोकळी होती, आणि त्या वेळी शहरातल्या मंडईत कांद्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हते.