कडीआडचें वाचन

घरांत पुस्तकें कोठें ठेवितां, असें कोणी विचारलें तर आपण पाहुण्यास दिवाणखान्यांतील कपाट दाखवितों. त्यांत ज्ञानेश्वरी असते, कोश असतो, थोरांचीं चरित्रें असतात. त्या कपाटाची किल्ली कोठें आहे हें मात्र कित्येकदां घरांत कोणासच सांगतां येत नाहीं. ज्या पुस्तकांचीं पानें खरोखर उलटलीं जातात तीं पाहावयाचीं असल्यास पाहुण्यास घराच्या दुसऱ्या टोंकास नेलें पाहिजे. तेथें न्हाणीघराच्या फळीवर किंवा खिडकीच्या कोनाड्यांत दमट झालेला एखादा जुना दिवाळी अंक, रविवारच्या पुरवणींतील अर्धवट सोडविलेलें शब्दकोडें, रेल्वेचें गतवर्षीचें वेळापत्रक, घरगुती औषधांचें एखादें मुखपृष्ठ गेलेलें पुस्तक, असा संग्रह पुष्कळ घरीं सांपडेल. जेथें तो नाहीं तेथें हल्लीं मोबाईल त्याचें काम करितो. या संग्रहाविषयीं चारचौघांत कोणी बोलत नाहीं. विषय लाजेचा खरा. तथापि त्या लाजेखालीं विचार करण्यासारखी एक गोष्ट दडलेली आहे, म्हणून तो या महिन्यांत घेण्याचें धाडस आम्ही करीत आहों.

ही संवय आजची नव्हे आणि आपल्यापुरतीही नव्हे. अकराव्या शतकांत चीन देशीं ओउयांग श्यू नांवाचा मोठा पंडित व राजपुरुष होऊन गेला. त्यानें आपल्या टिपणांत छ्येन वेइयेन नांवाच्या एका अमीराची हकीकत दिली आहे. या गृहस्थाचा नेम असा कीं, बसला असतां शास्त्रें व इतिहास वाचावयाचे, आडवा झाला असतां कथाकहाण्या वाचावयाच्या, आणि शौचास गेला असतां लहान लहान गीतें वाचावयाचीं. स्वतःविषयीं ओउयांग सांगतो कीं, आपलें बहुतेक लेखन आपण घोड्यावर, उशीवर आणि शौचकूपांत अशा तीन ठिकाणीं मनांत जुळविलें. इंग्लंडांत लॉर्ड चेस्टरफील्ड यांनीं १७४७ सालीं आपल्या मुलास लिहिलेल्या पत्रांत एका गृहस्थाचा कित्ता घालून दिला आहे. वेळ फुकट दवडूं नये म्हणून त्या गृहस्थानें होरेस या लॅटिन कवीची स्वस्त प्रत विकत घेतली. तींतील दोन पानें फाडून तो बरोबर नेई, तीं आधीं वाची आणि मग तेथेंच त्यांचें विसर्जन करी. जपानचे लेखक तानिझाकी यांनीं तर १९३३ सालच्या एका निबंधांत, घरापासून दूर झाडांच्या सावलींत बांधलेल्या जुन्या जपानी शौचगृहाच्या शांततेची मनमोकळी स्तुति केली आहे. हायकू रचणाऱ्या कवींस कित्येक कल्पना तेथेंच सुचल्या असाव्यात, असा त्यांचा तर्क आहे.

आपल्याकडे मात्र जुन्या पिढीच्या स्वप्नांतही ही गोष्ट आली नसती. कागदास पाय लागला तर तो उचलून कपाळास लावण्याची आपली रीत. तो घेऊन शौचास जाणें म्हणजे सरस्वतीचा अपमानच. शिवाय ती जागा तरी कशी होती? नगरच्या जुन्या वाड्यांत काय किंवा संगमनेरच्या वाड्यांत काय, शेतखाना परसाच्या शेवटीं, भिंतीच्या कडेस असे. खालीं टोपली, मागें लहानसें दार; त्या दारानें आपल्यासारखाच एक माणूस येऊन ती टोपली डोक्यावर वाहून नेई. आंत गेलेल्यास बाहेर येण्याचीच घाई असे, वाचन कोठलें! असे शेतखाने बांधण्यास व माणसाकडून मैला वाहविण्यास बंदी करणारा कायदा १९९३ सालीं झाला, आणि २०१३ सालीं त्याहून व्यापक कायदा करावा लागला. आज आपण ज्या जागीं निवांतपणें पान उलटतों, ती निवांत होण्यास नळाचें पाणी जितकें कारण आहे, तितकेंच त्या माणसाच्या डोक्यावरील टोपली उतरणें हेंही कारण आहे. एवढें स्मरण ठेवून पुढें जाऊं.

आमच्या मतें या नवेपणाचें कारण सोवळ्याहून व शेतखान्याहूनही खोल आहे. वाचणें म्हणजे एकट्यानें करावयाचें काम, ही कल्पनाच आपल्या घरांत नवी आहे. आपल्याच जिल्ह्यांत, नेवाशास, शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्यें ज्ञानेश्वरी झाली. ती ज्ञानेश्वरांनीं सांगितली, श्रोत्यांनीं ऐकिली आणि सच्चिदानंदबाबांनीं लिहून घेतली, असें परंपरा सांगते. पुढें शतकानुशतकें ग्रंथ घरांत आले ते याच वाटेनें. चातुर्मासांत पाटावर पोथी मांडावी, एकानें मोठ्यानें वाचावें, आणि आजीनें वाती वळतां वळतां, सुनेनें दाराआडून, मुलांनीं पेंगत पेंगत तें ऐकावें. अक्षर न येणाऱ्यासही ग्रंथ येत असे तो यामुळें. छापखाना आल्यावर हें बदललें. छापील पोथीच्या शाईंत चरबी असते म्हणून सोवळ्याओवळ्याची शंका निघाली, तेव्हां मुंबईस गणपत कृष्णाजी यांनीं तुपाची शाई करून ती दूर केली. नगरास १८३८ सालीं वाचनालय निघालें आणि १८४२ सालीं तेथूनच 'ज्ञानोदय' निघूं लागला. पुस्तक स्वस्त झालें, लहान झालें, हातांत मावूं लागलें. आणि तें मनांतल्या मनांत वाचीत बसणारा माणूस घरोघर दिसूं लागला.

एकत्र कुटुंबास हा माणूस नीटसा उमगला नाहीं, आणि आजही उमगलेला नाहीं. पोथी वाचणारा सर्वांत बसलेला असतो; मनांत वाचणारा सर्वांत बसून सर्वांपासून दूर गेलेला असतो. त्याचें कांहीं काम चाललें आहे असें बाहेरून दिसत नाहीं, म्हणून त्यास हांक मारण्यांत कोणास वावगें वाटत नाहीं. 'रिकामाच बसला आहेस ना, जरा दळण घेऊन ये,' हें वाक्य ज्यानें ऐकिलें नाहीं असा वाचक विरळा. पुरुषास निदान वाचनालयाची वाट मोकळी होती, बायकांचें काय? रमाबाई रानडे यांच्या १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या आठवणी ज्यांनीं वाचल्या असतील त्यांस ठाऊक आहे कीं, शिकविणारे पति न्यायमूर्तींसारखे असूनही शिक्षणापायीं घरांतील वडीलधाऱ्या बायकांचीं बोलणीं त्यांस किती सोसावीं लागलीं. तो काळ गेला. आज सून पदवीधर असते, कित्येकदां नोकरीही करिते, आणि तिच्या हातांतील पुस्तक कोणी हिसकावून घेत नाहीं. परंतु पान उलटण्यापूर्वीं येणारी हांक मात्र अजून तशीच आहे.

आतां घरांतील दारें मोजावीं. ओटीस दार असून नसल्यासारखें. माजघरांतून सर्वांची वाट. स्वयंपाकघर तर सर्वांचेंच. शहरांतील तीन खोल्यांच्या बिऱ्हाडांतही निजण्याच्या खोलीचें दार दिवसां लाविलें तर 'बरें नाहीं कां?' म्हणून चौकशी होते. सर्व घरांत एकच दार असें आहे कीं, तें आंतून लाविल्याबद्दल कोणी कारण विचारीत नाहीं. तेथेंही सकाळीं निभाव लागत नाहीं. आपल्या टंचाईच्या जिल्ह्यांत नळ जाण्यापूर्वीं सर्वांचें आटपावें लागतें, आणि बाहेरून 'सूनबाई, झालें कां ग?' 'काका, माझी शाळा आहे हो!' अशी सरबत्ती सुरू असते. पण दुपारीं निजानीज झाल्यावर तेथें दहा मिनिटें मिळतात. तीं दहा मिनिटें घेणारी व्यक्ति पुस्तकासाठीं त्या खोलींत जात नाहीं; त्या खोलीस कडी आहे म्हणून पुस्तक तेथें जातें. फळीवरचा तो दमट अंक अभिरुचि खालावल्याचें चिन्ह नव्हे. एकांताची भूक घरांत अन्यत्र कोठेंही भागत नाहीं, याचें तें चिन्ह आहे. तेथें लहान लहान मजकूरच कां ठेवितात हेंही यावरून कळतें. दार केव्हां वाजेल याचा नेम नसतो, आणि वाचन मध्येंच टाकावें लागलें तरी हळहळ वाटूं नये.

कोणी म्हणेल कीं, घरच्या माणसांत राहून एकटें बसण्याची हौस ही पाश्चात्त्यांकडून आलेली आहे. आम्हांस तसें वाटत नाहीं. संध्येस बसलेल्या माणसास कोणी हांक मारीत नाहीं. आजी जपमाळ घेऊन बसली म्हणजे नातवंडेंही दबकत चालतात. एकट्यानें, मुकाट्यानें करण्याचें एक काम असतें आणि तें चाललें असतां मध्यें बोलूं नये, हें आपल्या घरांस चांगलें माहीत आहे. तो मान जपास मिळाला, वाचनास मिळावयाचा राहिला, एवढेंच.

एकांत मागणाऱ्याविषयीं घरांत जी शंका येते तिचें निरसन करण्यास नगरकरांस दूर जावयास नको. ९ ऑगस्ट १९४२ रोजीं मुंबईस पकडलेले पंडित नेहरू, मौलाना आझाद, वल्लभभाई पटेल, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव इत्यादि काँग्रेसचे पुढारी नगरच्या भुईकोट किल्ल्यांत आणून ठेविले. पंडित नेहरूंनीं १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पांच महिन्यांत तेथेंच 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ लिहिला. मौलाना आझाद पहाटे उठत, स्वतःच्या हातानें चहा करीत आणि आपल्या एका स्नेह्यास पत्रें लिहीत. तीं धाडण्याची सोय नव्हती. पुढें १९४६ सालीं 'गुबार-ए-खातिर' या नांवानें तीं पुस्तकरूपानें निघालीं. इतका निवांतपणा कोणत्या संसारी माणसास मिळतो? परंतु १९४३ च्या एप्रिलमध्यें मौलानांची पत्नी कलकत्त्यास वारली, तेव्हां तिचें शेवटचें दर्शनही त्यांस झालें नाहीं. कडी बाहेरून लाविलेली होती. आंतून लाविलेली कडी वाटेल तेव्हां काढतां येते, आणि काढल्यावर आपलीं माणसें भेटतात. म्हणून जो घरांत थोडा वेळ एकटा बसूं इच्छितो तो घरापासून तुटूं इच्छितो, असें वडीलधाऱ्यांनीं मानूं नये.

तथापि हा एकांत सध्यां आहे त्याच जागीं असूं द्यावा, असें आम्ही म्हणणार नाहीं. उकिडवें बसण्याच्या जुन्या पद्धतींत वेळ झाल्याचें पायच सांगत. कमोड आल्यापासून ती मर्यादा राहिली नाहीं. इस्रायलमधील ४९९ प्रौढ माणसांची विचारपूस करून २००९ सालीं एक पाहणी प्रसिद्ध झाली. तींत निम्म्याहून अधिक लोक शौचास बसून वाचतात असें दिसलें, आणि त्यापासून विशेष अपाय आढळला नाहीं. पुस्तकाची जागा मोबाईलनें घेतल्यावर मात्र चित्र पालटलेलें दिसतें. अमेरिकेंत बोस्टन येथील डॉक्टरांनीं आंतड्याच्या तपासणीस आलेल्या १२५ माणसांची पाहणी २०२५ सालीं प्रसिद्ध केली. मोबाईल घेऊन बसणाऱ्यांपैकीं सुमारें ३७ टक्के लोक पांच मिनिटांहून अधिक वेळ बसत, न घेणाऱ्यांपैकीं सुमारें ७ टक्केच. आणि मूळव्याधीचा संभव मोबाईलवाल्यांत ४६ टक्क्यांनीं अधिक आढळला. एवढ्यानें कार्यकारणभाव सिद्ध होत नाहीं, हें खरें. पण तेथें फार वेळ बसूं नये, असें डॉक्टर सांगत आले आहेत. दिवाळी अंकास निदान शेवटचें पान असतें. मोबाईलास तें नसतें.

मग करावें काय? फळी साफ करून अंक रद्दींत घालणें हा उपाय नव्हे. तो एकांत उचलून घरांत, उजेडांत आणिला पाहिजे. प्रथम एक प्रयोग करावा. एखाद्या रविवारीं दुपारीं दोन ते तीन या वेळांत सूनबाईस, किंवा परीक्षेस बसणाऱ्या मुलीस, किती जणांनीं किती वेळां हांक मारिली तें घरांतील कर्त्या पुरुषानें मुकाट्यानें कागदावर मांडावें. आणि त्यांपैकीं किती कामें हांक मारणाऱ्यास स्वतः करतां आलीं असतीं, त्यांवर खूण करावी. तो कागद रात्रीं पंगतींत वाचून दाखवावा. त्यानंतर पुढचें आम्हीं सांगावयास नको, तरी सांगतों. माडीवरची खिडकी, पडवीचा कोपरा, गच्चीच्या जिन्याचें वळण, यांपैकीं एक जागा ठरवावी. तेथें एक खुर्ची व एक दिवा ठेवावा, आणि न्हाणीघरांतील तीच फळी काढून तेथें ठोकावी. रोज एक तास ती जागा एकाची; पाळी सर्वांची, आणि पहिली पाळी सुनेची. त्या तासांत तेथें बसलेल्यास चहासाठींही हांक मारावयाची नाहीं व चष्म्यासाठींही नाहीं. वाचतां वाचतां झोंप लागली तरी हरकत नाहीं. काय वाचलें असेंही विचारूं नये. मात्र आठवड्यांतून एकदां, रात्रींच्या जेवणानंतर, ज्यास जें आवडलें असेल तें त्यानें जुन्या रीतीप्रमाणें सर्वांस मोठ्यानें वाचून दाखवावें. म्हणजे पोथी ऐकणारें घर आणि मनांत वाचणारें माणूस, दोघांचेंही समाधान होईल. आणि सकाळीं पंचा खांद्यावर टाकून दाराबाहेर तिष्ठत उभ्या असलेल्या आजोबांचेंही.