वारशाची फेरी आणि वगळलेला हौद

सुटीच्या दिवशी सकाळी पुण्याच्या जुन्या पेठांत माणसांचा एक घोळका दिसतो. गळ्यात कॅमेरे, पुढे माहिती सांगणारा गाईड. शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती, तुळशीबाग, विश्रामबागवाडा पाहायचा, वाटेत मिसळ, साबुदाणा वडा, बाकरवडी चाखायची आणि अस्सल पुणे पाहिल्याच्या समाधानात घरी जायचे. याला हेरिटेज वॉक म्हणतात. आपले शहर पायी फिरून पाहावे, चार चवी घ्याव्यात, यात वाईट काही नाही. प्रश्न आहे तो कोणत्या दारापुढे थांबायचे आणि कोणत्या दारावरून मुकाट पुढे जायचे, हे कोण ठरवतो याचा.

पाण्याचेच पाहा. पेशवाईत कात्रजच्या तलावातून नळाने पाणी आणून पेठांतले हौद भरले गेले. ती कारागिरी मोठीच होती आणि तिचे कौतुक व्हावे. पण त्या शहरात अस्पृश्याच्या घागरीला जागा होती काय? १८६८ साली जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्यानंतर एकोणसाठ वर्षांनीही बाबासाहेबांना महाडच्या तळ्यावर जाऊन पाण्याचा हक्क बजावावा लागला. कात्रजचा नळ सांगायचा आणि फुल्यांचा हौद वगळायचा, म्हणजे पाण्याचा अर्धाच इतिहास सांगायचा.

दगडूशेठ गणपतीसमोर भिडेवाडा होता. १८४८ साली तिथे फुले दांपत्याची मुलींची शाळा सुरू झाली. तो वाडा वर्षानुवर्षे मोडकळीला येत गेला, कोर्टकज्जे झाले, आणि अखेर डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी पाडला गेला. शनिवारवाड्याच्या विटा जपणाऱ्या शहराला मुलींच्या शाळेच्या भिंती जपता आल्या नाहीत! फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने १८५५ साली 'ज्ञानोदया'तल्या निबंधात पेशवाईत महार-मांगांवर काय गुदरले ते लिहिले. शनिवारवाड्यापुढे उभे राहून किती गाईड तिचे नाव घेतात?

आता चवीकडे वळू. या पेठांत खाण्यापिण्याचा सर्वांत गाजलेला प्रसंग मिसळीचा नाही, चहाचा आहे. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये पुण्यातली बडी मंडळी जमली आणि त्यांच्यापुढे चहा ठेवला गेला. टिळक आणि रानडे यांची नावेही त्यात होती. ख्रिस्त्यांच्या घरचा चहा घेतला म्हणून गदारोळ उठला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. एका कपाने धर्म बुडत होता! हे जुने झाले म्हणावे, तर २०१७ साली याच शहरात एका उच्चपदस्थ बाईंनी, स्वयंपाक करणारीने जात लपवून आपले सोवळे मोडले, अशी पोलिसांत तक्रार दिली. टीका झाल्यावर ती मागे घेतली. तक्रार मागे घेतली म्हणून मनातले सोवळे सुटते काय?

म्हणून 'पुणेरी चव' हा शब्द ऐकला की विचारावे, कोणाच्या चुलीवरची? वजडी, रक्ती, चान्या, सुकट-भाकरी यांवरही या महाराष्ट्रात पिढ्या वाढल्या. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून या अन्नाला पुस्तकात जागा दिली. त्याच वर्षी राज्यात गोवंश हत्याबंदी लागू झाली आणि गरिबाच्या ताटातला एक पदार्थ गुन्हा ठरला. अर्थात, हे अन्न पाहुण्यांपुढे गंमत म्हणून मांडावे असे आमचे म्हणणे नाही. ते नाइलाजातून आले, त्यामागे उपास आहेत. सांगायचेच असेल तर ते रांधणाऱ्या आयाबायांनी, आपल्या तोंडाने आणि आपल्या अटींवर सांगावे.

बाबासाहेबांनी १९३६ सालीच बजावले होते की नुसत्या सहभोजनाने जात मोडत नाही. मग पैसे देऊन घेतलेल्या चवीने ती कशी मोडेल? पण इतिहास कोणी सांगायचा, हा प्रश्न आपल्या हातातला आहे. भिडेवाड्याच्या जागेपासून निघावे, पंचहौद दाखवावा, लहुजी वस्तादांची तालीम दाखवावी, फुलेवाड्यातल्या हौदापाशी थांबावे. १९२९ च्या मंदिर सत्याग्रहाची पर्वती दुरून दाखवावी. वस्तीतल्या शिकलेल्या पोरापोरींना गाईड म्हणून उभे करावे. त्यांना चार पैसे मिळतील आणि शहराला त्याची उरलेली गोष्ट ऐकायला मिळेल.

दुसऱ्याने काढलेल्या फेरीत आपले नाव नाही म्हणून किती दिवस रडायचे? जोतीरावांनी परवानगी मागत न बसता हौद खुला केला. आपली फेरीही तशीच निघाली पाहिजे.