अर्ज दहाव्या वर्षी, प्रवेश तेराव्या

आर्थर वेलस्ली १८०३च्या एप्रिलमध्ये फौज घेऊन पुण्यात आला, तो दुसऱ्या बाजीरावाला पुन्हा गादीवर बसवायला. ऑगस्टमध्ये त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला आणि सप्टेंबरात असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांना हरवलं. पुढे तो वेलिंग्टनचा ड्यूक झाला. त्याच्या पश्चात इंग्लंडमध्ये लोकवर्गणी जमली आणि तिच्यातून लष्करी अधिकाऱ्यांच्या पोरक्या मुलांसाठी एक शाळा निघाली. बर्कशर परगण्यातलं हे वेलिंग्टन कॉलेज १८५९मध्ये सुरू झालं. २०२३पासून त्याच नावाची शाळा पुण्यातही भरते. ड्यूकसाहेब परत आले म्हणायचे, या वेळी फक्त फीचं पत्रक घेऊन.

बर्कशरच्या मूळ शाळेत आज बोर्डिंगची मुलंही आहेत आणि संध्याकाळी घरी जाणारी डे-स्कॉलरही. मात्र ब्रिटनमधल्या अशा खासगी शाळांत शिरण्याची वाट भलतीच लांब असते. प्रवेश तेराव्या वर्षी मिळायचा असला, तरी अनेक नामांकित शाळांत नाव नोंदवावं लागतं ते मूल नऊ-दहा वर्षांचं असताना. नोंदणीची फी वेगळी भरायची आणि ती परत मिळत नाही. मग अकराव्या वर्षाच्या आसपास संगणकावर पूर्वपरीक्षा होते. इंग्रजी, गणित आणि तर्कशक्तीच्या दोन चाचण्या, एक शब्दांची आणि एक आकृत्यांची. मूल जसजशी उत्तरं देईल, तसतसे पुढचे प्रश्न सोपे किंवा अवघड होत जातात. वर्षातून ती एकदाच देता येते आणि तेच गुण मुलाने अर्ज केलेल्या सगळ्या शाळांकडे जातात. खास शिकवणी लावू नका, असं शाळा बजावतात. पालक मान डोलावतात आणि शिकवणी लावतात. यात दादर आणि लंडन यांच्यात काडीचा फरक नाही.

त्यानंतर मुलाखत. शिवाय मुलाच्या सध्याच्या मुख्याध्यापकांचं गोपनीय पत्र थेट नव्या शाळेकडे जातं. ते पालकांना सहसा दाखवत नाहीत.

पैशांचा विषय बहुतेक घरांत शेवटी निघतो. तो खरं तर आधी निघायला हवा. १ जानेवारी २०२५पासून ब्रिटनमधल्या खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागू झाला. मोठ्या नावांच्या बोर्डिंग शाळांची वर्षाची फी आता पन्नास हजार पौंडांच्या पुढे गेली आहे, म्हणजे आपल्याकडचे पन्नास लाखांहून अधिक रुपये. शाळांमध्ये स्पर्धा असल्यामुळे फी आटोक्यात राहील, ही आशाही जपून बाळगावी. ठरवलेल्या फीची माहिती आपसांत वाटून घेतल्याबद्दल तिथल्या ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंगने २००६मध्ये पन्नास खासगी शाळांना दोषी ठरवलं होतं. ईटन आणि हॅरो त्यांत होत्या. दंड मात्र नाममात्र झाला. शाळांनी मुलांच्या शिक्षणासाठी तीस लाख पौंडांचा निधी द्यायचं कबूल केलं.

सवलतींचेही दोन प्रकार. स्कॉलरशिप गुणांवर मिळते, पण आता बऱ्याच ठिकाणी तिच्यात मान जास्त आणि पैसा कमी असतो. फीत खरी सूट मिळते ती बर्सरीतून, आणि तिच्यासाठी घरचं उत्पन्न कागदोपत्री उघडं करावं लागतं. ससेक्समधलं क्राइस्ट्स हॉस्पिटल हे १५५२पासूनचं बोर्डिंग आजही अशा मदतीसाठीच ओळखलं जातं.

भारतातून अर्ज करणाऱ्यांना आणखी एक सोय पाहावी लागते. मुलासाठी व्हिसा मिळाला, तरी आईवडिलांच्या जागी ब्रिटनमध्ये राहणारा कुणी मोठा माणूस गार्डियन म्हणून बहुतेक शाळांना लागतोच. सत्राच्या मधल्या सुट्टीत अनेक बोर्डिंग बंद होतात. स्लाव किंवा हॅरोला राहणारी मावशी अशा वेळी कामी येते, पण तिला विचारायचं आधी. मूल आजारी पडलं, तर रात्री शाळेचा फोन तिलाच जाणार आहे.

जागा मिळाल्याचं पत्र आलं, की घरात पेढे वाटले जातात आणि सोबत आलेला करार न वाचताच त्यावर सही होते. त्या करारात एक कलम हमखास असतं. मुलाला काढून घ्यायचं असेल, तर एक पूर्ण सत्र आधी लेखी कळवा, नाही तर त्या सत्राची फी भरा. जागा स्वीकारून मूल प्रत्यक्षात शाळेत गेलंच नाही, तरी बऱ्याच शाळा हे कलम लावतात, आणि अनामत जाते ती वेगळीच. परदेशातल्या पालकांकडून घेतली जाणारी अनामतही अनेकदा जास्त असते. तेव्हा सही करण्याआधी हे कलम शोधा आणि काही शंका असेल, तर शाळेकडून लेखी उत्तर मागा.