समुपदेशकाची सनद

वकिलास सनद लागते, वैद्यास नोंदणी लागते, मोटार हांकणारासही परवाना लागतो. परंतु मुलांच्या मनाशीं ज्याची गांठ पडावयाची त्या माणसास मात्र कसलीच अट नको, असें आमच्यांतील पुष्कळ शाळाचालक अजून मानतात. त्यांचें म्हणणें असें कीं, प्रेमळ शिक्षक हाच खरा समुपदेशक. त्याला दोन-तीन दिवसांच्या शिबिरास धाडावें, मिळालेलें प्रमाणपत्र कचेरीच्या भिंतीवर टांगावें, म्हणजे झालें. हें मत आम्हांस केवळ चुकीचें नव्हे तर घातक वाटतें. कां, तें बीड जिल्ह्याच्या उदाहरणावरून पाहूं.

दसरा-दिवाळी सरली कीं धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागांतील वाड्या-तांडे रिकामे होऊं लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठीं नवराबायकोची जोडी (तिला तिकडे ‘कोयता’ म्हणतात) पश्चिम महाराष्ट्रांत किंवा कर्नाटकांत ऊसतोडीस जाते. मूल बरोबर गेलें तर त्याची शाळा सुटते. मागें राहिलें तर तें आजीच्या आधारानें किंवा हंगामी वसतिगृहांत राहतें. मुलगी वयांत आलेली असली तर तिला कोणाच्या भरंवशावर ठेवावी या धास्तीनें, आणि लग्न झालें म्हणजे एक नवा कोयता उभा राहतो या हिशेबानेंही, तिचे हात पिवळे करून टाकतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत बीडमधील 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकीं शंभरांत चाळिसांहून अधिक जणींचीं लग्नें अठराव्या वर्षाआधीं झालेलीं आढळलीं.

आतां अशी कल्पना करा कीं, नववींतली एक मुलगी मधल्या सुटींत शिक्षकापाशीं येऊन हळूच म्हणते, “सर, माझं लगीन ठरलंय. कोणाला सांगू नका.” शिक्षकानें काय करावें? गप्प बसला तर मुलगी हातची गेली. 2006 च्या कायद्यानें बालविवाह रोखण्याचा अधिकार ज्याला आहे त्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे, तडक धांवला तर घरचा सारा राग त्या पोरीवर निघणार, आणि ती पुन्हां कोणापाशीं तोंड उघडणार नाहीं. तिनें लैंगिक अत्याचार सांगितला तर 2012 च्या कायद्यान्वयें तें कळविणें बंधनकारकच आहे. मौन हाच तेथें गुन्हा. काय पोटांत ठेवावें, काय उघड करावें, आणि उघड करण्यापूर्वीं त्या मुलीला तें कोणत्या शब्दांत सांगावें, हें ज्ञान प्रेमांतून आपोआप उपजत नाहीं. तें शिकावें लागतें, आणि जाणत्या माणसाच्या नजरेखालीं गिरवावें लागतें. शिवाय जो उद्यां गुण देणार, आणि बापाशीं ज्याचा रोजचा रामराम, त्याच्यापुढें मुलगी मन कितीसें मोकळें करणार? हा दोष शिक्षकाचा नव्हे, त्याच्या जागेचा आहे.

हें सारें शहरी खूळ आहे, असें कोणी म्हणेल. तसें म्हणणारांस आम्ही एवढेंच स्मरण देतों कीं, मुदलियार आयोगानें 1953 मध्येंच शाळांतून मार्गदर्शनाची गरज सांगितली होती. कोठारी आयोगानें (1964-66) दर दहा शाळांमागें निदान एक फिरता समुपदेशक मागितला होता. आणि 2025 च्या जुलैंत सर्वोच्च न्यायालयानें शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेंत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमण्याचा आदेश दिला. मागणी सत्तर वर्षांची जुनी आहे. उणीव आहे ती माणसांची.

आणि येथेंच दुसरें संकट उभें राहतें. हुकूम निघाला कीं मागणी वाढते, आणि मागणी वाढली कीं प्रमाणपत्रांचीं दुकानें निघतात. चिकित्सा करणाऱ्या मानसशास्त्रज्ञास 1992 च्या कायद्यानें नोंदणीचें बंधन आहे. शाळेंतील समुपदेशकासाठीं तशी वेगळी नोंदवही नाहीं. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. मानसशास्त्राची वा समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, किंवा प्रशिक्षित शिक्षकास राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या पदविकेसारखें वर्षभराचें शिक्षण, ही पहिली पायरी. परंतु तेवढ्यावर सनद देऊं नये. ऊसतोडीचा एक संपूर्ण हंगाम, दिवाळीपासून पाडव्यापर्यंत, उमेदवारानें अशा भागांतील शाळेंत वा वसतिगृहांत जाणत्या देखरेखीखालीं काढावा. आणि त्याची अखेरची परीक्षा मराठींत व्हावी. ज्याला ‘उचल’ म्हणजे काय हें ठाऊक नाहीं, तो त्या मुलीच्या भयाचें मूळ कोणत्या पुस्तकांत शोधणार?

“बीडला एम. ए. झालेलीं माणसें येणार कोठून?” हा शेवटचा आक्षेप. आम्ही विचारतों, तीं तेथलींच कां नसावींत? कोयत्यावर गेलेल्या आईबापांचीं मुलें आज पदवीधर होत आहेत. त्यांना विद्यावेतन द्या. मराठवाड्याला 1958 पासून स्वतःचें विद्यापीठ आहे. अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थांच्या नांवाचें वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्यांतच आहे. शिकविण्याची व देखरेखीची सोय त्यांनीं करावी. तोंवर शिक्षकांनीं मुलांचें ऐकून घ्यावें, अवश्य घ्यावें. तें थोर काम आहे. फक्त त्यांना समुपदेशक म्हणूं नये, आणि त्या नांवाखालीं रिकामी जागा भरल्याचें कागदावर दाखवूं नये.

कागदावर भरलेली जागा ही रिकाम्या जागेहून वाईट. रिकामी जागा निदान दिसते, आणि कोणीतरी ती मागत राहतो. भरलेल्या जागेकडे पुन्हां कोणी पाहत नाहीं. आणि दिवाळीनंतर वर्गांतील एक बांक मुकाट्यानें मोकळें होतें.