दुर्मिळ रोग आणि न विचारलेला प्रश्न

राळेगाव तालुक्याने वाघाची दहशत पाहिली आहे. २०१६ ते २०१८ या काळात राळेगाव-पांढरकवडा परिसरात टी-१ वाघिणीच्या नावावर १३ माणसांचे बळी मांडले गेले. बाया एकट्या वावरात जाईनात, ढोरकी रानात गुरे नेईनात. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ ती वाघीण मारली गेली, प्रकरण न्यायालयापर्यंत पोचले आणि वर्तमानपत्रांचे रकाने भरले. वाघ डोळ्यांना दिसतो, म्हणून माणूस सावध होतो. गोठ्यातल्या गाईच्या तोंडातून गळणारी लाळ मात्र कुणाला वाघासारखी दिसत नाही. आज लिहायचे आहे ते या न दिसणाऱ्या धोक्याविषयी.

पिसाळलेले कुत्रे गावातून जाते तेव्हा ते माणूस आणि ढोर असा भेद करीत नाही. माणसाला चावले तर बोभाटा होतो, चार जण मिळून त्याला दवाखान्यात नेतात. ढोराला चावले तर मालक जखमेवर हळद दाबतो आणि विसरून जातो. पुढे काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, ती गाय चारा सोडते. पाण्याला तोंड लावते आणि गिळू शकत नाही. लाळेची तार लागते, आवाज घोगरा होतो, ती सारखी हंबरते, मागचे पाय लटपटतात. बघणारा म्हणतो, "हिच्या घशात काही तरी अटकलं बाप्पा!" मग घरधनी बाही सरसावतो आणि गाईच्या तोंडात खांद्यापर्यंत हात घालतो. दुसरा जबडा धरतो, तिसरा नळीने औषध ओततो. हाती काही लागत नाही. दोन-चार दिवसांत गाय मरते. कुणी म्हणते साप डसला, कुणी म्हणते काही तरी खाण्यात आले. शेजारीपाजारी हळहळतात आणि गोष्ट संपली असे सगळ्यांना वाटते.

ती संपलेली नसते. रेबीजचा विषाणू पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत असतो. त्याला आत शिरायला कुत्र्याचा दातच लागतो असे नाही. कातडी खरचटलेली असली तरी पुरे. कापूस वेचणाऱ्या माणसाच्या बोटांकडे एकदा निरखून पाहावे. बोंडांच्या टोकदार पाकळ्यांनी ती बोटे हंगामभर सोललेली असतात. त्यात गाईच्या दाढांचे ओरखडे पडले म्हणजे विषाणूला दार उघडे. तिथून तो शिरेशिरेने मेंदूकडे सरकतो. माणसामध्ये या प्रवासाला साधारणपणे एक ते तीन महिने लागतात, क्वचित वर्षाच्या वर. तोपर्यंत मेलेल्या गाईची आठवणही बुजलेली असते.

या रोगासारखा दुसरा रोग नाही. लक्षणे सुरू झाली, घोटभर पाणी पाहून घसा आवळू लागला, की मुंबईचे मोठे इस्पितळही हात टेकते. साऱ्या जगात यातून वाचलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आणि लक्षणे सुरू होण्यापूर्वी वेळेवर पूर्ण उपचार घेतले, तर हाच रोग जवळजवळ हमखास टळतो. लुई पाश्चरने पहिल्या मुलाला ही लस टोचली ती १८८५ साली. म्हणजे उपाय सापडून १४० वर्षे झाली. तरीही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अलीकडच्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या देशात वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात आणि सुमारे ५,७०० माणसे रेबीजने मरतात. हे आकडे देशातल्या तालुक्यांत वाटले तर एका तालुक्याच्या वाट्याला वर्षाकाठी जेमतेम एक मृत्यू येतो. फसगत नेमकी इथेच आहे. वर्षाला एक म्हणजे दुर्मिळ, आणि दुर्मिळ म्हणजे कुणाच्याच ध्यानीमनी नसलेले. त्यातही कुत्र्याऐवजी गाई-म्हशीच्या लाळेतून झालेली लागण आणखी विरळा, म्हणून आणखी विसरलेली.

माणूस दवाखान्यात येतो तेव्हा त्याच्या हाताला मुंग्या येत असतात, ताप असतो, जीव घाबरा झालेला असतो. डॉक्टर विचारतात, "कुत्रं चावलं होतं काय?" तो प्रामाणिकपणे सांगतो, "नाही जी." तिथे चौकशी संपते. "घरचे ढोर कशाने मेले? त्याच्या तोंडात हात घातला होता काय?" हा प्रश्न कुणी विचारत नाही. अर्थात इथवर आल्यावर विचारूनही उशीर झालेला असतो. तो प्रश्न गाय मेली त्याच दिवशी विचारायला हवा होता आणि तो विचारू शकणारा एकच माणूस होता: गाय पाहायला आलेला पशुवैद्यक किंवा पशुधन पर्यवेक्षक. त्याच्या नोंदवहीत ढोराची नोंद होते, मालकाची होत नाही. ग्रामीण रुग्णालयाच्या नोंदवहीत माणसाची नोंद होते, ढोराची होत नाही. दोन खाती, दोन वह्या आणि मधल्या फटीत एक जीव.

आता काय करावे ते नीट सांगतो. ढोर लाळ गाळत असेल, गिळत नसेल, तर तोंडात हात घालू नका. लाळ-खुरकुतातही लाळ गळते, पण त्यात तोंडात आणि खुरांच्या बेचक्यात फोड येतात आणि बहुधा एकामागून एक ढोरे आजारी पडतात. तरी हा फरक घरी ठरवीत बसू नये. ढोर वेगळे बांधावे, लेकरांना दूर ठेवावे आणि पशुवैद्यकाला बोलवावे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. हात आधीच घातला असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे घड्याळ लावून धुवावा. हळद, चुना, तिखट, रॉकेल यांपैकी काहीही लावू नये. मग त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि तिथे "ढोराची लाळ जखमेला लागली" असे स्पष्ट शब्दांत सांगावे. खरचटलेल्या कातडीला किंवा तोंडा-डोळ्याला पिसाळलेल्या जनावराची लाळ लागणे ही तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर वर्गातली बाधा धरतात. तिला नुसती लस पुरत नाही, जखमेत सीरमही द्यावे लागते. धड कातडीला लाळ लागली असेल तर धुणे पुरेसे असते. पण कातडी धड आहे की नाही हे आपण ठरवू नये, डॉक्टरांना पाहू द्यावे.

पोटात चौदा इंजेक्शनांची भीती अजूनही गावागावांत आहे. ती जुनी लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता दंडात चार-पाच वेळा टोचतात आणि सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते. अडचण वेगळीच आहे. पहिल्या दोन सुया झाल्या, जखम भरली की माणूस म्हणतो, "आता काहून जावं? सोयाबीन सोंगाले आलं." उरलेल्या सुया राहतात. कुत्रे चावलेल्या ढोरालाही चावल्यानंतरची लस देता येते. तिचे दिवसही ठरलेले असतात, पहिला, तिसरा, सातवा असे. बैलजोडीची किंमत पाहता हा खर्च काहीच नाही.

एक गैरसमज दूर करायला हवा. गाय पिसाळून मेली की तिचे दूध घेतलेले अख्खे गाव घाबरून लसीसाठी रांग लावते. उकळलेल्या दुधातून रेबीज होत नाही. विषाणू उकळीत मरतो. आजारी ढोराचे दूध वापरूच नये आणि कच्चे तर मुळीच नको. पण दूध प्यालेल्या दोनशे जणांनी रांग लावली आणि ज्याने तोंडात हात घातला तो मात्र "मले काय झालं?" म्हणत वावरात गेला, असे व्हायला नको. लस त्याला आधी. मेलेल्या ढोराचे कातडे काढणाऱ्यालाही हेच लागू. असे ढोर फाडू नये, खोल खड्ड्यात पुरावे.

न विचारलेल्या प्रश्नाने होणारे मरण रेबीजपुरते थांबत नाही. पोळ्याच्या सुमारास गवत कमरेएवढे होते आणि तिथून दिवाळीपर्यंत विदर्भात स्क्रब टायफसचा हंगाम असतो. २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत या तापाने माणसे दगावली, तेव्हा कुठे हे नाव लोकांच्या कानी पडले. झुडपांत, बांधावरच्या गवतात एक अतिसूक्ष्म कीड असते, तिला चिगर म्हणतात. ती चावते ते कळतही नाही. दहा-बारा दिवसांनी सडकून ताप येतो, डोके फुटेलसे दुखते. सलाईन लागते, डेंग्यू-मलेरियाच्या तपासण्या होतात, नेहमीची इंजेक्शने दिली जातात. त्यातली पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधे या रोगावर चालत नाहीत. दुसऱ्या आठवड्यात फुप्फुस, मूत्रपिंड, मेंदू यांवर घाला पडतो.

यावरचे औषध डॉक्सिसायक्लिन. साध्या औषधाच्या दुकानात मिळणारी स्वस्त गोळी, गर्भवतीसाठी अझिथ्रोमायसिन. दोन्ही अर्थात डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. वेळेत सुरू केले तर ताप बहुधा दोन-तीन दिवसांत उतरतो. पण सुरू व्हायला ओळख पटावी लागते. अनेक रोग्यांच्या अंगावर चाव्याच्या जागी विडीने डागल्यासारखी काळी खपली असते. ती काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली, बायांच्या छातीखाली लपलेली असते. ती दुखत नाही, म्हणून रोगी सांगत नाही. अंग उघडून पाहत नाहीत, म्हणून डॉक्टरांना दिसत नाही. निंदायला जाणारी बाई लाजेपोटी गप्प राहते. इथेही प्रश्न एवढाच: "गेल्या पंधरा दिवसांत गवतात, रानात गेली होतीस का बाई? अंगावर कुठे काळी खपली आहे का?" सगळ्यांनाच खपली असते असे नाही, पण शोधल्याशिवाय ती सापडणार नाही. डॉक्टरांनी विचारले नाही, तर आशाताईंनी विचारावे. तेही झाले नाही, तर रोग्याने आपणहून सांगावे.

धनुर्वाताचीही तीच गत. २०१५ साली भारतातून माता आणि नवजात बालकांचा धनुर्वात हटल्याचे जाहीर झाले, कारण गरोदर बायांना न चुकता सुई टोचली जाते. पन्नाशीतल्या शेतकऱ्याला शेवटची सुई कधी टोचली, हे त्यालाही आठवत नाही. विळा लागला, तुरीचे खुंट पायात घुसले, जखमेत शेणमाती गेली, तरी "येवढ्याशा ओरबाड्यानं काय होते?" म्हणून तो कामाला लागतो. जखम लहान होती हे खरे. पण धनुर्वाताचा जंतू लहान आणि खोल जखमेतच सुखाने राहतो.

हे लिहिताना सारा दोष शेतकऱ्याच्या माथी मारण्याचा आमचा हेतू नाही. ज्याची गाय तडफडते तो हात घालणारच. ती त्याची लक्ष्मी आहे. त्याला आधी सांगणे हे सांगणाऱ्यांचे काम. म्हणून तालुक्याच्या अधिकारी मंडळींपुढे आम्ही चार साध्या गोष्टी ठेवतो. पहिली, पिसाळल्याचा संशय असलेले ढोर पाहिले की पशुवैद्यकाने त्याला हात लावलेल्या माणसांची नावे त्याच दिवशी आरोग्य केंद्राला कळवावीत. त्याला वेगळा निधी लागत नाही, एक फोन लागतो. दुसरी, पशुधन पर्यवेक्षक आणि गावोगाव फिरणाऱ्या खाजगी पशुसेवकांना रेबीजची आगाऊ लस टोचावी. रोज लाळेत हात घालणारा माणूस उघडा ठेवणे बरे नव्हे. तिसरी, लस आणि सीरम तालुक्याला कायम शिल्लक असावे. सीरमसाठी रोग्याला यवतमाळ किंवा सेवाग्रामची वाट दाखवावी लागली, तर मोलमजुरी करणारा माणूस बहुतेक वेळा त्या वाटेने जातच नाही.

चौथी गोष्ट मुळावरची आहे. गावातल्या निदान ७० टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस टोचली तर त्यांच्यातली साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शेजारच्या गोव्याने हे करून दाखविले. २०१४ पासून तिथे गावोगाव कुत्र्यांना लस टोचली, शाळाशाळांतून मुलांना शिकविले आणि सलग तीन वर्षे रेबीजने एकही माणूस न मेल्याचे २०२१ साली तिथल्या सरकारने सांगितले. आपल्याला जमणार नाही असे कुणी म्हणू नये. २०२२ साली लम्पी आला तेव्हा याच जिल्ह्यात गोठ्यागोठ्यांत जाऊन गुरांना लस टोचलीच ना? सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, यांनी मनावर घेतले तर ग्रामसभेत ठराव आणि पशुवैद्यकीय दवाखान्याशी तारीख ठरविणे एवढेच काम आहे. २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज संपविण्याचे राष्ट्रीय उद्दिष्ट आहे. ते दिल्लीत नव्हे, गावाच्या चावडीपुढे फिरणाऱ्या कुत्र्यांवर ठरणार आहे.

दुर्मिळ हा शब्द डॉक्टरांच्या पुस्तकात ठीक आहे. ज्या घरातला कर्ता पुरुष पाणी मागतो आणि पिऊ शकत नाही, त्या घराला तो शब्द काही कामाचा नाही. येत्या ग्रामसभेत कुत्र्यांच्या लसीची तारीख ठरवून घ्या. आणि गोठ्यात लाळ गाळणारे ढोर दिसले तर आधी हात मागे घ्या, मग फोन उचला.