उतरलेली बॅटरी

घरात माणूस आजारी पडला की तो कण्हतो, कुंथतो, निदान काढा नको म्हणून तोंड तरी फिरवतो. मोटारीची बॅटरी मात्र पुरती उतरली की एक अक्षर बोलत नाही. अर्धवट उतरलेली असेल तर किल्ली फिरवताच 'टक् टक्' करून अशक्तपणा तरी कळवते. पूर्ण उतरली की मौनव्रत! दिवा नाही, हॉर्न नाही, किल्लीवरचे बटण दाबून दारही उघडत नाही. त्या बटणाच्या किल्लीच्या पोटात बहुधा एक साधी किल्ली दडवलेली असते, हे पुष्कळ मालकांना त्या दिवशी प्रथमच कळते.

"पण गाडी तर महिनाभर जागची हललीसुद्धा नाही!" असे मालक कुरकुरतात. अहो, म्हणूनच! आजकालच्या मोटारी झोपल्या तरी डोळे मिटत नाहीत. घड्याळ, चोरघंटा, दारांची कुलपे, आतला छोटा संगणक ही सारी मंडळी रात्रंदिवस थेंब थेंब वीज पीत असतात. समजा, सगळ्यांना मिळून ५० मिलिअँपिअर लागले. दिवसाला झाले १.२ अँपिअर-तास, तीस दिवसांचे ३६. आणि लहान मोटारीच्या बॅटरीची साठवण असते सुमारे ३५! दूधवाल्याचा हिशेब ठेवणाऱ्या कोणत्याही गृहिणीला यातली तूट चटकन दिसेल.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहतात. बाईंच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपासून त्यांची लहानशी गाडी आवारातच उभी होती. गेल्या भाऊबिजेच्या सकाळी मास्तर धुवट सदरा घालून गाडीशेजारी नुसते उभे असलेले दिसले. हातात पेढ्यांचा पुडा. चौकशी केली तेव्हा कळले, गाडी चार दिवसांपासून बंद आहे.

"मग चार दिवस बोलला का नाहीत, मास्तर?"

"सणासुदीला कुणाच्या दारात जाऊन काय सांगायचे, आमची गाडी मेली म्हणून?"

साताऱ्याला त्यांची थोरली बहीण असते. वय वर्षे ८४. भावाला ओवाळल्याखेरीज ती त्या दिवशी जेवत नाही. भाड्याची गाडी मिळाली असती. पण येताना ताईंना चार दिवस पुण्याला आणायचे होते, त्यांच्या कलाने, थांबत थांबत. "पुढच्या वर्षी कोण असेल, कोण नसेल," एवढेच मास्तर म्हणाले.

तोवर आवारातली तरुण मंडळी जमली. "धक्का मारू!" असा ठराव पास झाला. जुन्या गाड्यांच्या काळी तो सल्ला शहाणपणाचा होता. आता पूर्ण उतरलेल्या बॅटरीवर नव्या गाडीचा पेट्रोल-पंप आणि संगणकच जागे होत नाहीत. मग ढकलणाऱ्यांचा फराळ तेवढा जिरतो. गिअर आपोआप बदलणाऱ्या गाडीला तर धक्का मुळीच चालत नाही.

आमच्या डिकीत जाड वायरींची जोडी असते. आमची गाडी जवळ आणली, पण मास्तरांच्या गाडीला टेकू दिली नाही. दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्याच असल्याची खात्री केली आणि दोन्ही इंजिने बंद ठेवली. मग क्रम असा: लाल वायरीचा एक चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, दुसरा चांगल्या बॅटरीच्या अधिक टोकाला. काळ्या वायरीचा एक चिमटा चांगल्या बॅटरीच्या उणे टोकाला आणि शेवटचा, वाचकहो, हा नीट ध्यानात घ्या, उतरलेल्या बॅटरीला नव्हे, तर तिच्यापासून दूर, इंजिनाच्या उघड्या धातूला. कारण शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडते. बॅटरीत वीज भरताना हायड्रोजन वायू निघू शकतो, आणि त्या वायूला ठिणगी म्हणजे लवंगी माळेला उदबत्ती! बॅटरी फुटली तर आतले सल्फ्युरिक अ‍ॅसिड थेट डोळ्यांत. म्हणून दोन चिमुरडे हातात फुलबाज्या घेऊन बॉनेटमध्ये डोकावू लागले तेव्हा सौ.ने त्यांना दंडाला धरून आवाराच्या दुसऱ्या टोकाला नेले. बॅटरी फुगलेली, तडकलेली किंवा गळत असेल तर हा खटाटोप करूच नये.

आमचे इंजिन सुरू करून पाच-सात मिनिटे थांबलो. पुरत्या उपाशी बॅटरीला आधी दोन घास पोटात जाऊ द्यावे लागतात. मग मास्तरांनी किल्ली फिरवली. पहिल्या खेपेस नुसते गुरगुरणे. दुसऱ्या खेपेस इंजिन सुरू! वायरी उलट क्रमाने काढल्या. "सातारा येईपर्यंत इंजिन बंद करू नका," मी बजावले, "चहा ताईंकडेच घ्या."

ही बॅटरी काही आजची नव्हे. १८५९ साली फ्रान्समध्ये गॅस्टन प्लांते यांनी शिसे आणि सौम्य गंधकाम्ल यांची जोडी जमवली. तोच संसार आजही मोटारीत चालू आहे. सहा खणांत सहा घटक, प्रत्येकाचे दोन व्होल्टहून किंचित अधिक. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ च्या खाली गेली की ती जवळजवळ रिकामी समजावी. पूर्वी इंजिन सुरू करायला हँडल मारावे लागे आणि ते उलटले की मनगट मोडे. १९१२ साली कॅडिलॅक मोटारीत विजेचा स्टार्टर आला आणि मनगटे वाचली. पण सारी भिस्त बॅटरीवर आली. विजेवर चालणाऱ्या नव्या मोटारींतही बहुधा १२ व्होल्टची धाकटी बॅटरी असतेच, आणि ती रुसली तर थोरलीही कामाला लागत नाही.

एकदा पूर्ण उतरलेली बॅटरी गाडी चालवून पुरती भरेलच असे नाही. ती चार्जरवर सावकाश भरावी. फार दिवस रिकामी राहिली तर शिशाच्या पट्ट्यांवर कठीण थर धरतो आणि मग उपाय चालत नाही. मास्तरांच्या बॅटरीला पाच वर्षे झाली होती. साताऱ्यात दुसऱ्या दिवशी तपासली तेव्हा ती भार पेलेना. त्यांनी नवी बसवली. जुनी दुकानदारालाच परत द्यावी. आतले शिसे विषारी असते, पण पुन्हा उपयोगी पडते.

तेव्हा गृहस्थहो, आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा तास फिरवून आणा. महिनाभर परगावी जाणार असाल तर जाणत्याकडून बॅटरीचे उणे टोक सोडवून ठेवा. आणि बॅटरी उतरलीच तर चार दिवस मनात कुढत बसू नका, शेजारची कडी वाजवा. विजेचे एवढे बरे आहे की दुसऱ्याला दिली तरी देणाऱ्याचे इंजिन तासाभरात भरपाई करून टाकते. डिकीत एक वायरींची जोडी मात्र असू द्या. आपल्या उपयोगी नाही पडली, तर शेजाऱ्याच्या पडेल.