विश्लेषण : कॅम्पसवरचे ख्रिस्ती मेंटॉरिंग... जवळीक हवी, पण कुठवर?

घर सोडून शिकायला आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या सेमिस्टरमध्ये नोट्सपेक्षा जास्त गरज असते ती विचारपूस करणाऱ्या माणसाची. जगभरातील विद्यापीठांत ख्रिस्ती विद्यार्थी संघटनांनी ही गरज फार पूर्वी ओळखली आणि एकास एक मार्गदर्शनाची पद्धत उभी केली. या पद्धतीचे बळ जवळिकीत आहे. धोकाही तिथेच आहे.

‘डिसायपलशिप’ म्हणजे काय?

शब्दशः अर्थ शिष्यत्व. कॅम्पसवर त्याचे स्वरूप साधे असते. एखादा सीनियर किंवा नोकरीला लागलेला माजी विद्यार्थी ज्युनियरला नियमित भेटतो. दोघे बायबलमधील उतारा वाचतात, प्रार्थना करतात, मग अभ्यास, घरची ओढाताण, नातेसंबंध यांवर बोलतात. पुढे तो ज्युनियर आणखी कुणाचा तरी मार्गदर्शक होतो. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील सल्ला या साखळीचा आधार मानला जातो : जे शिकलास ते विश्वासू माणसांना दे, म्हणजे ते इतरांना शिकवतील.

सुरुवात कुठून झाली?

केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांची ख्रिस्ती संघटना १८७७ मध्येच स्थापन झाली होती. अमेरिकेतील विद्यार्थी चळवळीचा एक धागा थेट कोल्हापूरशी जुळतो. मिशनरी कुटुंबातील रॉबर्ट वाइल्डर यांचा जन्म १८६३ मध्ये तिथला. पुढे प्रिन्स्टनमध्ये शिकलेल्या वाइल्डर यांनी १८८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथील शिबिरात पुढाकार घेतला आणि १०० विद्यार्थ्यांनी मिशनकार्यासाठी तयारी दाखवली.

एकास एक पद्धत नावारूपाला आणली ती डॉसन ट्रॉटमन यांनी. १९३३ मध्ये कॅलिफोर्नियात नौसैनिकांबरोबर सुरू झालेले त्यांचे ‘नॅव्हिगेटर्स’चे काम नंतर विद्यापीठांत पोहोचले. भारतात १९५४ मध्ये ‘युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया’ स्थापन झाली.

घोडे कुठे पेंड खाते?

मार्गदर्शकाचे मत हेच देवाचे मत, असे वाटू लागले की प्रश्न विचारणे म्हणजे श्रद्धा कमी असणे ठरते. अमेरिकेत १९७०च्या दशकातील ‘शेफर्डिंग’ चळवळीवर हाच आक्षेप होता. नोकरी, लग्न अशा निर्णयांतही मार्गदर्शकाचा शब्द चालू लागला. चळवळीचे एक नेते बॉब ममफोर्ड यांनी नंतर जाहीर माफी मागितली.

ब्रिटनमधील जॉन स्मिथ प्रकरण तर अंगावर काटा आणणारे आहे. हा नामांकित बॅरिस्टर ख्रिस्ती युवा शिबिरांचा कर्ताधर्ता होता. शाळकरी मुले आणि विद्यापीठातील तरुणांना तो आध्यात्मिक शिस्तीच्या नावाखाली छडीने अमानुष मारहाण करत असे. १९८२ मध्ये अंतर्गत अहवाल तयार झाला, पण पोलिसांपर्यंत गेला नाही. स्मिथ आफ्रिकेत गेला, तिथेही मुलांचा छळ झाला. खटला उभा राहण्याआधीच २०१८ मध्ये तो मरण पावला. २०२४ मध्ये ‘मेकिन अहवाल’ आल्यावर काही दिवसांतच कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी राजीनामा जाहीर केला.

मग ही पद्धतच बंद करावी का?

नाही. एका माणसाच्या गुन्ह्यामुळे हजारो प्रामाणिक मार्गदर्शकांकडे संशयाने पाहणे अन्यायाचे ठरेल. शिवाय मार्गदर्शन बंद केल्याने विद्यार्थ्याचा एकटेपणा संपत नाही. पण ‘आमचा माणूस चांगला आहे’ ही सुरक्षेची व्यवस्था असू शकत नाही. स्मिथही अनेकांना चांगलाच वाटत होता.

त्यामुळे काही गोष्टी आधीच ठरलेल्या हव्यात. भेट उघड्या जागी व्हावी. एकाच मार्गदर्शकावर सगळा भार नसावा. पैसा, लग्न, करिअर यांबाबत सल्ला चालेल, आदेश नको. तक्रार ऐकणारी व्यक्ती त्या मार्गदर्शकाच्या वर्तुळाबाहेरची असावी. गुन्हा घडला असेल तर प्रकरण प्रार्थनेवर न मिटवता पोलिसांकडे जावे. आणि सर्वांत महत्त्वाचे : ‘आता मला भेटायचे नाही’ असे म्हणून बाहेर पडता यावे. त्यानंतर मित्रही तुटणार असतील, तर ते बाहेर पडणे मोकळे नाही.

इतरांनी यातून काय घ्यावे?

गुरूपुढे प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा, ही समजूत एका धर्मापुरती नाही. मठ, आश्रम, कोचिंग क्लास, पीएचडीचे गाइड... सगळीकडे हेच सत्तेचे नाते असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘दीक्षारंभ’ उपक्रमातही मेंटॉर आहे. मात्र अनेक कॉलेजांत तो मेंटॉर-मेंटी रजिस्टरमधील सहीपुरता उरतो. ही पोकळी जो वेळ देईल तो भरतो. म्हणूनच वेळ देणारा माणूस कॉलेजने आधी स्वतः उभा करावा. मार्गदर्शक चांगला की नाही, याची कसोटी सोपी आहे : काही महिन्यांनी विद्यार्थी स्वतःचे निर्णय स्वतः घेऊ लागला, की प्रत्येक गोष्टीसाठी फोन करू लागला?